खांगची बदकं आणि दिएपचा अबोला

बदकं राखायची म्हणजे नुसतं त्यांच्या मागे चालायचं, असं ज्याला वाटतं त्याने मेकाँगच्या खोऱ्यात येऊन एक दिवस चालून दाखवावं. कापणी कुठल्या शेतात झाली, दाणा किती सांडलाय, औषध कधी फवारलंय, पाणी कधी चढणार, सगळं डोक्यात ठेवावं लागतं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे हाक. बदकाला ना खूण ना पट्टा. दोन कळप मिसळले, तर दोघा मालकांनी दोन बांधांवर उभं राहून हाका मारायच्या. ज्याच्या हाकेला जाईल त्याचं बदक. इथला कायदा हाच.

खांगची हाक पंचक्रोशीत नावाजलेली होती. निदान खांग तरी तसं सांगत फिरायचा.

आणि नेमका त्याचाच घसा बसला होता. भाचीच्या लग्नात भाताची दारू पोटात गेली आणि गड्याने माइक धरला तो सोडेचना. माणसं जेवून, हात धुऊन घरी निघाली तरी हा आपला गातोच आहे! वर माइकमधूनच म्हणाला, "ही बायको गळ्यात पडली नसती ना, तर मी आज सायगावात गायक असतो!"

मांडवात हशा पिकला. बायको दिएप तेवढी हसली नाही. घरी आल्यावर ती म्हणाली, "आता तुम्हीच गा. माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही." त्यानंतर तिने तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलं. रोज पहाटे जाळी उघडून बदकांना गोगलगायी टाकायची, पण चिडीचूप.

बदकंही बिथरली. सकाळी माना वर करून नुसती इकडेतिकडे बघायची, खाण्यावर लक्ष नाही. शेवटी एक दिवस जाळी उघडल्याबरोबर सगळीच्या सगळी बांध ओलांडून शेजारच्या शेतात, न्युतच्या कळपात जाऊन घुसली.

न्युत बांधावर बसून विडी ओढत होता. त्याला आयतंच घबाड मिळालं.

"या खांगभाऊ, मारा हाक! पण लवकर बरं का. शेतमालकाने पाणी सोडलंय. शेत भरलं की मी कळप होडीत घालून निघालो. मागे येतील ती माझी."

दिएपने आणि खांगने एवढीएवढी पिल्लं असल्यापासून वाढवलेला कळप, आता कुठे अंड्यावर आलेला. तो गेला तर घरात उरणार काय? त्याने छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि आतून फुस्सकन हवा बाहेर आली. बदकं ढिम्म.

"घशात बेडूक अडकला का हो, गायकसाहेब?" न्युत खिदळला.

पाणी घोट्यापर्यंत आलं. दिएप टोपली घेऊन बांधावर उभी होती. खांगने तिच्यापुढे हात जोडले. ती आभाळाकडे बघत राहिली. तो वळायला गेला, पाय सटकला आणि धपकन चिखलात तोंडावर पडला. उठला तो आंधळ्यासारखा चाचपडत, हाताला लागलं त्या फडक्याने तोंड पुसू लागला. ते फडकं म्हणजे दिएपच्या खांद्यावरचा नवाकोरा चौकडीचा रुमाल.

"अहो! मेलं डोकं फिरलंय का? नवा रुमाल आहे तो!"

शेतातल्या निम्म्या माना ताठ झाल्या.

खांगने ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रोज पहाटे हा टांगलेल्या झोळीत घोरत पडायचा, आणि ही याच्या नावाने शंख करत बदकांना खायला टाकायची. बदकं हिच्याच आवाजावर वाढली होती! याची हाक म्हणजे नुसती वरची कोथिंबीर.

त्याने शांतपणे एक पाय वर उचलला आणि त्याच रुमालाने पुसला.

"अगं आई गं! पाय? पाय पुसता? लाज कशी ती नाहीच या माणसाला! बसा गात, घराला छप्पर नसलं तरी गात बसा..."

क्वॅक क्वॅक करत कळपाला पाय फुटले. सगळी बदकं एकमेकांना तुडवत दिएपकडे धावत सुटली.

"वहिनी, हळू! माझीपण निघाली!" न्युत विडी टाकून ओरडायला लागला.

दिएपने चमकून खाली पाहिलं. पायांशी बदकंच बदकं. तिचं तोंड मिटलं, आणि मागची बदकं जागच्या जागी थबकली. दोनचार तर परत न्युतकडे वळलीसुद्धा.

खांगने घशात उरलासुरला सगळा आवाज गोळा केला.

"बोल गं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "थांबू नको. तुझं ऐकतात ती. माझं कुणी ऐकत नाही."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण 'बोल' हे दिएप त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होती. तिने डोळे टिपले, टोपली कमरेवर घेतली, आणि लग्नाच्या दिवसापासून सुरुवात केली.