ठमाबाईच्या वहीतलं पान

कल्याण स्टेशनामागची ठमाबाईची खोली रिकामी झाली की शेजारच्या राघोची चंगळ. खोली मागायला येईल त्याला ठमाबाई ओट्यावर बसवायची आणि गाव, जात, नवरा कुठाय, घर का सोडलं, पार सात पिढ्या उकरायची. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून लिहायचा राघो. आणि मंगळवारी दुपारी शेजारपाजार जमला की वही वाचायचाही राघोच, ज्याचा त्याचा आवाज काढून. चाळिशी उलटलेला बाप्या, पण नक्कल अशी की बाया पोट धरून हसायच्या.

या मंगळवारी त्याने खोली मागायला आलेल्या गोदाची नक्कल केली. नाक ओढत, पदर चावत. "मी खडवलीची हाय जी. दीर माझ्या आठ वर्सांच्या पोरीचं लगीन पन्नाशीच्या म्हाताऱ्याशी लावतोय, म्हनून पळाले."

ओटा खदखदला. राघोने मान वर केली तर पडवीच्या दारात गोदाच उभी. खोलीचं नक्की होईपर्यंत ठमाबाईने तिला नि तिच्या पोरीला तिथं राहू दिलेलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "बाजाराला खडवलीची मान्सं येतात."

तेव्हापासून राघोची नजर रस्त्यावर. बैलगाडी वाजली की उठ, कुणी खाकरलं की उठ.

शुक्रवारी भर दुपारी, चार बाया ओट्यावर बसलेल्या असताना, गोदाचा दीर आलाच. "मी नाथा. माझी भावजय हितं आलीय. वहीत हाय म्हनं. वाच."

ठमाबाईचा पानाला चुना लावता हात थांबला. पडवीत काहीतरी खुट्ट वाजलं. राघोने घाईघाईत वही उघडली.

"वाचतो की! ऐक." आणि हुबेहूब नाथाच्या घोगऱ्या आवाजात सुरू झाला, "मी नाथा, खडवलीचा. बायको लाटन्यानं बडवती. घरात पाय ठेवायचा धीर नाय, म्हनून खोली बघतोय."

ओट्यावर हशा पिकला.

"मी कवा आलो रं हितं? सगळं खोटं!"

"मग? माझी अख्खी वहीच असली. ती गोदा पण मीच जन्माला घातली!"

नाथाने ठमाबाईकडे पाहिलं. राघोचा जीव आता तिच्या जिभेवर.

तिने सावकाश पिंक टाकली. "ह्या मेल्याचं कुणी खरं मानतं व्हय? अख्खं कल्याण ओळखतं त्याला."

"पण लाटणं केवढं होतं हो?" शेजारच्या रंगूबाईने विचारलं. नाथा शिव्या देत पायऱ्या उतरला.

तो दिसेनासा झाल्यावर गोदा बाहेर आली. काखेत बोचकं, हाताशी पोर.

"पान द्या माझं."

राघोने फाडून दिलं. तिने ते चुलीत सारलं.

"अगं, खोली दिली तुला," ठमाबाई म्हणाली.

"नको. हितं सगळ्यांना ठावं झालं."

"मग कुठं..." राघोच्या तोंडून निघालंच. त्याने जीभ चावली, भिंतीकडे तोंड केलं आणि मायलेकींची पावलं पार विरेपर्यंत वळला नाही.