बेडूकमासे म्हणजे मासे नव्हेत

सोमवार, २२ जुलै १९७४. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. बसवकल्याणच्या शाळेतल्या काचेच्या पेटीत चौसष्ट बेडूकमासे. त्यांपैकी सहा पोट वर करून तरंगत होते. भीमराज सरांनी नोंद केली आणि कपाळाला हात लावला. नऊ ऑगस्टला बिदरला विज्ञान-प्रदर्शन होते. मागचे पाय फुटलेले किमान दहा असतील तरच पेटी न्यायची, असे मुख्याध्यापक गुरुशांतप्पांनी बजावले होते. आणि निवृत्तीपूर्वीचे सरांचे हे शेवटचेच प्रदर्शन.

सर तंत्रनिकेतनात शिकलेले. दोष शोधायचा तर एकेक कारण वगळत जायचे, ही त्यांची रीत. आधी विहिरीचे पाणी बदलले, मग ऊन अडवायला खिडकीला गोणपाट लावले, मग उकडलेल्या पालेभाजीची चिमूट निम्मी केली. मरणारे मरतच राहिले. गुरुवारी वैतागून त्यांनी एका मेलेल्याचे फुगलेले पोट पात्याने उघडले. घड्याळाच्या कमानीसारखे वेटोळे घातलेले आतडे पांढऱ्या चिकट लगद्याने ठासून भरले होते. पालेभाजी हिरवी असते, एवढे कळायला पदविका लागत नाही.

शुक्रवारी ते शाळा उघडताच येऊन बसले. झाडलोट करणाऱ्या चांगुणाबाई आल्या, त्यांनी पदराची गाठ सोडली आणि ज्वारीच्या पिठाच्या गोळ्या पेटीत टाकायला सुरुवात केली. तळ्यावर माशांना टाकतात, तशाच.

"अक्का, हे काय करायलाव?"

"माशाला खायला घालायलेय, सर. पुण्य लागतंय."

"हे मासे न्हाईत."

"मग चिठ्ठीवर मासे कामून लिव्हलंय? पोरींनी वाचून दावलं की मला."

पेटीवरची 'बेडूकमासे' ही चिठ्ठी सरांच्याच वळणदार अक्षरातली होती. पाला हेच यांचे अन्न, हे त्यांनी परोपरीने सांगून पाहिले.

"बाहत्तरच्या दुष्काळात आमी पालाच खाल्ला, सर. त्येनं पोट भरत न्हाई."

सरांनी चिठ्ठी फाडली आणि 'बेडकाची पिल्ले' अशी नवी डकवली.

शनिवारी पेटीतले पाणी पांढरेफटक. पिल्ले म्हटल्यावर बाईंनी वाटीभर दूध ओतले होते.

सरांनी पाणी बदलले, उरलेल्यांना दोन दिवस उपाशी ठेवले आणि पेटीला जाळीचे झाकण करून कुलूप ठोकले. 'पिल्ले' लिहिलेली चिठ्ठीही काढली; नवी मात्र लावली नाही.

नऊ ऑगस्ट, सकाळचे सात. सरांनी दोनदा मोजले. जिवंत एकोणतीस, मागचे पाय फुटलेले सात.