बुवांच्या आवाजाचं कुलूप

या मंडळी, असे जवळ सरका. मागच्यांनो, पुढं जागा आहे. आज पुराणातली नाही, आपल्या वेल्ह्याच्या जगनची गोष्ट सांगतो. मन लावून ऐका.

“पासवर्ड बरोबरच आहे, दादा,” बिघडलेल्या डिस्क दुरुस्त करणारी शेफाली पुण्याहून फोनवर सांगत होती. जगननं तपासायला पाठवलेली हार्ड डिस्क तिच्यासमोर होती. “पण डिस्कच्या सुरुवातीचा भाग, हेडर, तोच पुसला गेलाय. खरी किल्ली तिथं असते. पासवर्डनं नुसती ती किल्ली हाती लागते. हेडरची नक्कल काढून ठेवली होतीत का?”

जगननं नक्कल काढलेली नव्हती.

“डिस्कवर एक दुसरी प्रत असते, तीपण गेलीय. आवाज सगळा आत आहे, दादा. पण आता कुणालाच उघडता येणार नाही.”

आत आनंदरावबुवांची कीर्तनं होती. गावोगाव मागं फिरून जगननं ती रेकॉर्ड केलेली. “माझ्या बोलण्याचे तुकडे करून मोबाईलवर नाचवू नको रे,” असं बुवांनी बजावलं, म्हणून त्यानं लिनक्स प्रणालीच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड घालून डिस्क कुलूपबंद केली. बुवा गेले. पुढं खंडेनवमीला जगनच्या कॉम्प्युटरच्या दुकानातली यंत्रं पुसून पूजेला मांडताना डिस्कची वायर भलत्याच कॉम्प्युटरला जोडली गेली. त्याला हे कुलूप ओळखता येईना. डिस्क कोरी वाटली. फॉरमॅट करू का, असं पडद्यावर आलं. आरती सुरू झालेली, एका हातात घंटा. जगननं दुसऱ्या हातानं ‘हो’ दाबलं.

मग गुंजवण्यात, बुवांच्या गावी, त्यांचं पहिलं पुण्यस्मरण आलं. आणि सगुणाबाईंनी, बुवांच्या कारभारणीनं, सगळ्या खोऱ्याला आवतण दिलेलं: यांचा आवाज ऐकायला या.

“काय जगनशेठ, हात हालवत आलासा?” पखवाजवाला सावळाराम मांडवातनंच ओरडला. “ते आवाजाचं डबडं कुठाय?”

जगन सगुणाबाईंसमोर उभा राहिला. मान वर होईना.

“काकू, आवाज गेला. समदा. माज्या हातनं.”

“गेला म्हंजी? दुरुस्तीला दिलाय म्हणलास नव्हं?”

“काय झालंय ते तवाच कळलं हुतं. सांगायची लाज वाटली.”

“म्हंजी दसऱ्यापासनं थापा मारतुयास व्हय रं!” सावळाराम म्हणाला.

सगुणाबाईंनी सावळारामला हातानं थांबवलं. मग म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. तू तर दर कीर्तनाला म्होरं बसायचास. त्यांचं एखादं बोलणं तूच सांग. म्या चुलीपाशी. पंगतीच्या कामातनं कवा धड ऐकाय मिळालं न्हाई.”

जगननं तोंड उघडलं. एक दृष्टांत आठवेना. एक ओवी येईना. इतकी वर्षं तो कानाला हेडफोन लावून पडद्यावरच्या नाचऱ्या रेघा बघत होता. आवाज फाटू नये एवढीच काळजी. ऐकायचं ते पुढं कधीतरी, निवांत.

“म्या ऐकलंच न्हाई, काकू.”

मांडवात कुणी हसलं नाही. जगनला वाटलं, हसले असते तर बरं झालं असतं.

“पर एक हाय,” तो चाचरत म्हणाला. “खोकला आला की बुवा माईकवर तळवा धरायचे. मान फिरवून खोकायचे. माज्या कानाला लागू ने म्हणून.”

सगुणाबाईंनी पदर ओठांशी नेला.

“घरातबी तसंच,” त्या म्हणाल्या. “म्या निजलेली असली, की भिताडाकडं तोंड करायचे.”

मग त्यांनी सावळारामला स्पीकर उतरवायला सांगितला, आणि जगनच्या हातात पत्रावळ्या दिल्या. तो खाली मान घालून त्या मांडायला लागला.

मंडळी, बुवांचं कीर्तन आता तुमच्या-माझ्या कानी पडायचं नाही. पण रात्री देवापुढं हात जोडाल, तेव्हा आनंदरावबुवांचं नाव घ्या. त्यांचा माईकवरचा तो तळवा आठवा.