टाळूवरचा उजेड

मित्रांनो, मी बाळंतिणींच्या वॉर्डातली एक जुनी बॅटरी आहे. लांबीला पेनाएवढी, क्लिप कधीच तुटलेली. पण माझी ऐट होती! बाळ जन्मले की सिस्टर मला खिशातून काढायच्या, त्याची जीभ हळूच दाबायच्या आणि माझा उजेड आत सोडायच्या. फाटलेला ओठ दारातूनही दिसतो. तोंडातली टाळू फाटलेली असली, तर ती उजेडाशिवाय दिसत नाही.

पुढे माझे सेल संपले. "उद्या आणू," म्हणत मला खणात टाकले, गंजलेल्या पिनांच्या सोबतीला. खरे सांगते, फार वाईट वाटले.

त्याच दिवसांत एक मुलगी जन्मली. ओठ सुरेख, म्हणून सगळ्यांनी तिला धडधाकट ठरवले. पण दूध पोटात जाईना, नाकातून बाहेर येई. बाळ सुकत चालले. आई शिवणकाम करणारी, पहिलटकरीण. रडून तिचे डोळे सुजले होते. उशाशी बसलेल्या सासूबाईंचे एकच पालुपद, "हिला धड पाजताही येत नाही."

शेवटी सिस्टरांना राहवले नाही. त्यांनी टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून माझ्यात घातले. मी पेटले आणि पाहिले, टाळूच्या मधोमध सरळ फट होती.

"तरी सांगत होते," सासूबाई कडाडल्या, "पोटुशी बाईनं कात्री धरू नये. कापड नाही, लेकराचं तोंड कापलंस!"

आईने मान खाली घातली. तिला ते खरेच वाटत होते, मित्रांनो.

"आजी, कात्रीनं असं होत नसतं," सिस्टर म्हणाल्या. "कधी सिगारेटचा धूर, कधी काही औषधं, कधी पोषण कमी पडतं, कधी ते रक्तातून येतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. तुमच्याकडे कुणाला होतं का?"

"आमच्या घराण्यात असलं काही नाही!" सासूबाई तोंडावर हात धरून म्हणाल्या. त्या नेहमीच नाकात बोलत.

तो नाकातला आवाज सिस्टरांनी बरोबर टिपला. "आजी, आ करा बघू."

मी आत डोकावले. पडजीभ दोन फाकांची होती, आणि तिच्या पुढे टाळूच्या कातडीखाली एक फिकट रेघ.

"खात्रीनं नाही सांगता येत," सिस्टर हळूच म्हणाल्या, "पण हे तुमच्याकडूनही आलं असेल. दोष मात्र कुणाचाच नाही."

सासूबाईंनी पदराने तोंड पुसले. मग म्हणाल्या, "लहानपणी माझ्याही नाकातून दूध यायचं. हावरट म्हणून मार खायचे मी. कुणी कधी तोंडात बघितलंच नाही गं."

त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. "नको ते बोलले मी. आण तिला इकडे."

बाळाला उभे धरून, चमच्याने, थेंब थेंब पाजले. पहिला घोट पोटात गेला तेव्हा दोघी श्वास रोखून बसल्या होत्या. साधारण वर्षाची झाल्यावर शस्त्रक्रियेने ती फट शिवता येईल, असे सिस्टरांनी सांगितले. तेव्हा ती आई पहिल्यांदा बोलली, "टाके बारीक घालतील ना?"

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ आले, तर त्याची टाळू उजेडात पाहिली का, एवढे विचारा. आईला बोल लावण्याआधी विचारा. आणि माझे सेल संपले असतील, तर 'उद्या' म्हणू नका. उपाशी बाळाला उद्या फार लांब असतो.