रंभाबाईच्या कोशांची पावडर

मी एक जुनी रेशमाची पावडर आहे. मित्रांनो, दिसायला मी मूठभर फिकट धूळ. पण माझा जन्म सावली गावाजवळच्या जंगलात, ऐनाच्या झाडावर झाला. बोटाएवढ्या हिरव्या अळीने तोंडातून जवळजवळ किलोमीटरभर धागा काढला आणि स्वतःभोवती कोश विणला. हे तिला कुणी शिकवलं असेल? मला अजून उलगडलेलं नाही.

अळ्यांची राखण रंभाबाई करायची. घरची माणसं तलावात मासे धरत आणि ती दिवसभर गलोल घेऊन पाखरं हाकलत असे. पुढे काही कोशांना भोक पाडून पतंग उडून गेले. अशा कोशाचा सलग धागा निघत नाही. म्हणून गावात रेशमाचं प्रशिक्षण द्यायला आलेल्या मॅडमनी ते शहरातल्या प्रयोगशाळेत नेले. तिथे मला सोड्याच्या पाण्यात उकळलं, वाळवलं, मैद्याहून बारीक दळलं. मार्च १९९९ मध्ये मी काचेच्या बरणीतून परत आले. वर तारखेसकट चिठ्ठी होती : ‘चेहऱ्याला लावण्यासाठी. कोरड्या जागी ठेवावी. दोन वर्षांत वापरावी.’

रंभाबाईने मला तळहातावर घेतलं. उन्हात मी चमकले. “माह्या किड्यायनं हे केलं?” ती म्हणाली. “चंचलच्या लग्नालेच काढीन आता.” चंचल तिची लेक, तेव्हा दहावीत होती.

मग मी चुलीवरच्या फळीवर बसले. पाहुणे आले की बरणी उघडायची, ओली बोटं आत जायची, कौतुक व्हायचं. झाकण मात्र सैलच राहायचं. चार पावसाळे गेले. माझ्या गुठळ्या झाल्या, कुबट वास सुटला. रंभाबाईला मी तशीच नवी दिसत होते.

२००३ च्या मे महिन्यात चंचलचं लग्न ठरलं. तीन दिवस आधी रंभाबाईने मला वाटीत काढलं. मदतीला आलेल्या शेजारच्या सत्यशीलाने बरणीवरची काजळी पुसून चिठ्ठी वाचली.

“थांबा बाई! हिची तारीख दोन वर्साआधीच गेली. वास येऊन राह्यला पाहा.”

“रेशमाले काऊन तारीख? माह्या आजीचं लुगडं पन्नास वर्स टिकलं!”

“लुगडं येगळं, हे येगळं. पाण्याची वल लागली का हिच्यात जंतू होतात. नवी असली तरी पयले हातावर लावून पाहाव लागते.”

रंभाबाई चिडली. चंचल घाबरून म्हणाली, “माय, राहू दे ना.”

रंभाबाई लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने चिमूटभर मला स्वतःच्याच हातावर चोळलं. सकाळी तिथे लालभडक पुरळ उठलं होतं. परसात खड्डा करून तिने मला स्वतःच्या हातांनी पुरलं.

लग्नाच्या दिवशी परसात, मला पुरलं होतं तिथेच, बायका पाणी भरत होत्या. हातावर हे पुरळ कशाचं, असं कुणीतरी विचारलं. रंभाबाई म्हणाली, “माह्या हाताले झालं. पोरीच्या तोंडाले नाई झालं.”

मित्रांनो, अळीने एवढा धागा काढला, त्याचं मला नवल वाटे. पण आपल्या जिवापाड जपलेल्या वस्तूवर शंका घेऊन ती आधी स्वतःला लावून बघणारी आई मला त्याहून मोठी वाटली. तुमच्या घरी अशी बरणी असेल, तर झाकण घट्ट लावा, ओला हात घालू नका, तारीख वाचा. आणि वेळेत वापरा. मलाही एकदा चंचलच्या गालावर बसायचं होतं.