वेलीखालचा डोंगर

सिरेलीचा नकाशा भिंतीवर लागला त्या दिवशी इनोकेला जेवण गेलं नाही. नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूचा डबा जसा आणला होता तसाच घरी परत गेला.

सुवा शहरातल्या जंगलखात्याच्या ऑफिसात इनोके अकरा वर्षं एकच काम करत होता. उपग्रहाचे दोन फोटो शेजारी शेजारी लावायचे, एक जुना, एक नवा. कुठलं जंगल गेलं, कुठलं आलं, ते माउसने रेघ मारून दाखवायचं. कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून शिकला. एक बेट पुरं व्हायला आठ महिने लागायचे. आणि हा सिरेली गेल्या वर्षी विद्यापीठातून आला काय, प्रोग्राम लिहिला काय, सोमवारी दुपारपर्यंत सगळी बेटं रंगवून मोकळा! हिरवं म्हणजे जंगल जागेवर, लाल म्हणजे गेलं, निळं म्हणजे वादळात गेलेलं परत आलं. ऑफिसच्या साहेब मकेरेता मॅडम नकाशासमोर उभ्या राहून कौतुकाने "सोबो! सोबो!" करत राहिल्या. इनोकेचे नकाशे त्या कायम खुर्चीत बसूनच बघायच्या.

बरं, सिरेली वाईट असता तर सोपं गेलं असतं. तसाही नव्हता. चहा आणला तर दोन कप आणायचा.

त्यात दोघं एकमेकांचे तौवू. दोघांच्या गावांचा मूळपुरुष एकच, आणि अशा दोन गावची माणसं भेटली की एकमेकांची यथेच्छ टर उडवायची, ही रीतच. रागवायची मात्र बंदी.

"काय रे चिखलखाऊ," सिरेली येता जाता म्हणायचा, "आज किती झाडं झाली? एक की दीड?"

"गप रे मासेचोर. तुझ्या मशीनला नारळ आणि तुझं टक्कल यातला फरक कळतो का, ते बघ आधी. दोन्ही निळेच दाखवेल."

अख्खं ऑफिस खिदळायचं. इनोकेच्या पोटात आग असायची आणि तो ती सगळ्यांदेखत तोंडातून बाहेर काढायचा. लोक टाळ्या द्यायचे. कुणाला संशयसुद्धा नाही.

बुधवारी त्याने सहज आपलं आजोळ उघडलं. नासेवूका. गावामागचा डोंगर अख्खा निळा. म्हणजे जंगल परत आलं.

इनोकेने फोटो मोठा केला. मग आणखी मोठा. हिरवं होतं खरं, पण इस्त्री केल्यासारखं सपाट. खरं जंगल असं दिसत नाही. प्रत्येक झाडाचा शेंडा वेगळा उठतो, शेजारी त्याची छोटी सावली पडते. इथे एक सावली नाही. नाताळात तो गेला होता तेव्हाचा डोंगर त्याला आठवला. वादळाने मोडलेल्या झाडांवर रानवेल चढलेली, खाली खोडं मेलेली, आणि मामा कोयता घेऊन कापतोय, कापतोय. प्रोग्रामला फक्त एवढंच कळलं होतं की आधी हिरवं होतं, मग तपकिरी झालं, मग परत हिरवं.

खरं सांगायचं तर इनोकेला आनंद झाला. आठवडाभर तो शीळ घालत फिरला. पुढच्या महिन्यात हा नकाशा गावोगावच्या प्रमुखांसमोर ठेवायचा होता. कुणीतरी उठेल आणि विचारेल. पडू दे पठ्ठ्याला तोंडावर. आपण कशाला बोला?

पुढच्या बुधवारी मामाचा फोन आला.

"इनोके, तुमच्या ऑफिसातून डोंगरावर लावायला रोपं मिळणार आहेत ना, त्या यादीत आपलं गाव नाही रे. आपल्याकडे म्हणे जंगल परत आलंय."

"हं."

"कुठे आलंय? मी रोज तिथेच असतो, मला नाही भेटलं. तुझ्या उपग्रहाला भेटलं असेल तर आमच्याकडे पाठव जरा." मामा हसला. मग म्हणाला, "झरा आटत चाललाय, बाळा. झाडं लागली नाहीत तर तोही जाईल. शुक्रवारी सही आहे म्हणतात यादीवर. तू तिथेच असतोस ना?"

गुरुवारच्या मीटिंगमध्ये इनोके उभा राहिला. "नासेवूकाचं जंगल खोटं आहे. सिरेलीचा नकाशा चुकलाय. ती वेल आहे."

सगळीकडे हशा पिकला.

"चिखलखाऊला झाडं दिसेनाशी झाली!" सिरेलीने टेबल बडवलं. "वर्गणी काढा रे, चष्मा घेऊ त्याला!"

"मी खरं बोलतोय."

आणखी मोठा हशा. मकेरेता मॅडमनी डोळे पुसले. "तुमचं तौवूपण चहाच्या वेळेला ठेवा हं. पुढचा विषय."

इनोके खाली बसला. वर्षभर इतका विखार थट्टेत मिसळला होता की आता खऱ्याला जागाच उरली नव्हती.

शुक्रवारी सकाळी तो बाजारातून माफी मागताना द्यायच्या यांगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन आला. कागदात बांधलेली, मातीचा वास येणारी. सिरेलीच्या टेबलाजवळ जमिनीवर मांडी घातली, जुडी पुढे ठेवली आणि पोकळ ओंजळीने टाळी वाजवली. त्या मुळ्यांपुढे कुणी थट्टा करत नाही. सिरेलीसुद्धा खुर्ची सोडून समोर येऊन बसला.

"माफी मागायला आलोय," इनोके म्हणाला. त्याला मान वर करवेना. "चूक मला गेल्या आठवड्यात बुधवारीच दिसली. मुद्दाम बोललो नाही. चारचौघांत तुझी फजिती व्हावी म्हणून. मला तुझा हेवा वाटतो, सिरेली. तू आलास त्या दिवसापासून. टक्कल, मासे, ते सगळं... ती थट्टा नव्हती."

सिरेलीने जुडी उचलली, म्हणजे माफी स्वीकारली, आणि टाळी वाजवली.

"डोंगर दाखव," तो म्हणाला.

दोघं एका स्क्रीनसमोर बसले. इनोकेने सावल्या दाखवल्या, सावल्या नसलेली जागा दाखवली. सिरेलीने खटाखट काहीतरी टाइप केलं. जेवणाच्या सुट्टीआधी प्रोग्रामने आणखी एकेचाळीस गावांवरची वेल हुडकून काढली. इनोकेला तीन वर्षं लागली असती. हेवा परत जागा झाला, तसाच.

मॅडमनी यादी बदलून सही केली. नासेवूका सातव्या ओळीत.

सिरेली चहाचे दोन कप घेऊन आला. एक इनोकेपुढे ठेवून तसाच उभा राहिला, अवघडल्यासारखा.

"आता... चिडवू की नको?"

"चिडव की," इनोके म्हणाला. "फक्त माझ्या बोलण्यातलं निम्मं खरं असतं, एवढं ध्यानात ठेव."

"निम्मंच?" सिरेली म्हणाला.