घसासरांची शिकवणी

घसासरांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवत नसावं. उत्तर सांगण्याआधी ते खाकरत, म्हणून घसासर. आणि ते साधंसुधं खाकरणं नव्हे. आवाज बेंबीपासून निघायचा, छातीत दोन वळणं घ्यायचा आणि टाळूवर काहीतरी ओलं, चिकट आपटायचा. मग जे वर आलं असेल ते सर रुमालात गुंडाळून जपून खिशात ठेवत आणि उत्तर सांगत. हॉलभर मुलं ते एका सुरात घोकत. पुन्हा खाकर, पुन्हा तेच उत्तर.

त्याच गावातल्या आत्याला त्याची नुसती आठवणही नकोशी. तीही शिकवण्या घेई, पण स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मोजक्या मुलांच्या. तिची रीत उलटी. उत्तर सांगायचंच नाही. मूल चुकलं की "बरं, मग?" म्हणायचं आणि भाजी चिरत बसायचं. सख्खी भाचीही तिच्याकडेच यायची, पण धाकट्या भावाचा धीर सुटला.

"ताई, तू विचारतेस. सर सांगतात," तो म्हणाला. "तुझ्याकडे पोरगी तासभर ओलं फडकं कसं वाळतं ते बघत बसते. तिला नर्स व्हायचंय, धुणं नाही धुवायचं."

भाची घसासरांकडे गेली. मार्क भराभर वर चढले आणि बाकी सगळं बसलं. जेवताना "मीठ हवंय का?" विचारलं तरी पोरगी गप्प. बापानं खाकरलं की मग, "हो बाबा." गावातल्या निम्म्या घरांत हेच. लेखी परीक्षेला सर स्कूटरवरून प्रत्येक केंद्राच्या खिडकीखाली जात, गाडी न थांबवता एकदा खाकरत, आणि आत सगळी पेनं एकदम धावू लागत. त्या खिडक्यांवरची कबुतरं कायमची उठून गेली. ज्याला हे खोटं वाटतं त्यानं तिथं एक कबुतर दाखवावं.

एका दुपारी पंगतीत आत्यानं वैतागून सरांची नक्कल केली. ती इतकी हुबेहूब उतरली की भाचीनं तोंडात घास असतानाच मूत्रपिंडाचे भाग घडाघडा म्हटले. समोरच्यांच्या ताटांत शितं उडाली. आत्या हात धुवून उठली ती संध्याकाळपर्यंत जेवली नाही.

भावानं मात्र ते लक्षात ठेवलं. नर्सिंगच्या प्रवेशाची तोंडी परीक्षा दुपारी होती, आणि त्याच सकाळी सरांचा घसा बसला. गरम पाणी, मध, लवंग, सगळं झालं, पण फुटक्या पंपासारखी नुसती हवा. भाऊ धापा टाकत आत्याच्या दारात.

"ताई, तुला जमतं ते."

"मला ओकारीही जमते. ती काढू?"

"पोरीचं वर्ष जाईल गं."

आत्या गेली. भावासाठी नव्हे. परीक्षेच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत चष्मा लावलेल्या एक परीक्षक बाई, शेजारी पेंगुळलेले एक टकले परीक्षक. बाईंनी विचारलं, "घाम आल्यावर गार का वाटतं?"

बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं, समजुतीनं. पोरीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि तिनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीखालून काहीच आलं नाही. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

दाराबाहेर आत्यानं भिंतीकडे तोंड केलं, रुमाल धरला आणि बेंबीपासून तो आवाज काढला.

"बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता त्वचेतून शोषली जाते," भाची सुटली ती सुटलीच. घाम संपवून मूत्रपिंडात शिरली, तिथून यकृतात. आणि टकले परीक्षक खाडकन ताठ झाले, डोळे मिटून तिच्या सुरात सूर मिसळून म्हणू लागले. तेही सरांच्याच हाताखालून गेलेले. शेवटचा शब्द दोघांनी एकदमच म्हटला.

"तयारी उत्तम," ते डोळे पुसत म्हणाले. बाई चष्म्यावरचे शिंतोडे पुसत होत्या.

प्रवेश झाला. भाऊ बाहेर हरखून गेलेला. "पाहिलंस, ताई? ह्याला म्हणतात शिकवणं. सरांचा घसा सुटेपर्यंत सकाळची बॅच तूच घेतेस का? मी बोलतो त्यांच्याशी."

दुधात पडलेल्या झुरळाकडे पाहावं तसं आत्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि चालू लागली.

घरी येऊन ती गुळण्या करत राहिली. मिठाच्या, मग तुरटीच्या. तोंडातला तो आवाज काही जाईना. मागं भाची येऊन उभी राहिली होती.

आत्यानं तिला टेबलाशी बसवलं, तिचा तळहात ओला केला. "मार फुंकर. काय वाटतं?"

"गार."

"का?"

भाची उत्तरासाठी आत्याच्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत बसली. आणि दुपारच्या त्या कसरतीनं आत्याचा घसा खरोखरच खवखवत होता. एक खाकर अगदी वर आलेली. आत्यानं ती गिळली. अंगावर शहारा आला, पण गिळली, आणि भाजी चिरायला घेतली.

अर्धी भाजी चिरून झाली.

"फुंकरच गार असते," भाची पुटपुटली, "म्हणून?"

साफ चूक. आत्याला कित्येक महिन्यांत इतकं स्वच्छ काही ऐकू आलं नव्हतं.

"बरं, मग?"

भाचीनं दुसरा, कोरडा तळहात तोंडासमोर धरला आणि हळूच श्वास सोडला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"नाही गं आत्या. गरम आहे." तिनं पुन्हा ओला हात पुढं घेतला. "मग हा का गार लागतो?"

आत्यानं पाण्याची वाटी तेवढी तिच्याकडे सरकवली.